दाराजवळची खुर्ची

बक्षिसांचं कौतुक आमच्या लातुरात तसं आधीच आटलेलं. भूकंपानंतर गल्लोगल्ली क्लास निघाले आणि पहिल्या आलेल्या एकाच पोराचा फोटो तीन-तीन क्लासच्या बोर्डांवर 'आमचा विद्यार्थी' म्हणून झळकायला लागला. तरी त्या सिनेमाच्या पोस्टरवरची पुरस्कारांची रांग बघून मी भुललोच. सिनेमा आमच्याच भूकंपावर काढलेला होता.

मावशी पिक्चरची वेडी. भूकंपात गावाकडचं तिचं घर आणि घरातली माणसं गेली, मग ती आमच्याकडे येऊन क्लासच्या पोरांची मेस चालवू लागली. थेटरात जायची, पण दाराजवळच्या खुर्चीत आणि पायातली चप्पल न काढता. तशी ती एकटी नव्हती. आमच्याकडे दाराजवळच्या खुर्च्या आधी भरायच्या, बाल्कनीत फुकटसुद्धा कोणी चढत नसे. मारधाडीचा पिक्चर असला की मावशी तीन तास सगळं विसरून हसायची. तिचं तेवढंच हसणं उरलं होतं.

त्या सिनेमालाही मी तिला घेऊन गेलो. त्यातली बाई बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसली. "कवाची बघायलीय ही. हिला काम न्हाई का?" मावशी म्हणाली. मग पडदा काळा झाला आणि आवाज आला. जमिनीखालून येतो, तोच. खुर्च्या थरथरल्या. अख्खं थेटर दारातून बाहेर पळालं. समोरच्या मैदानात मावशी माझा हात धरून मटकन खाली बसली. परत आत कोणीच गेलं नाही.

पुढे टीव्हीवर बक्षीस समारंभ लागला. कोटातले दिग्दर्शक सांगत होते, "लातूरचे प्रेक्षक इतके हेलावले की त्यांना खुर्चीत बसवेना." समोरच्यांनी टाळ्या पिटल्या. माझं डोकं फिरलं. या शहाण्यांपैकी एकानेही लातुरात येऊन विचारलं नव्हतं की बाबांनो, का उठलात. वर त्या सिनेमाला उत्तम आवाजाचं बक्षीस दिलं.

मावशी भाकरी थापत होती. "द्यायलाच पाहिजे," ती म्हणाली. "आवाज खराच हुता."

पुढच्या शुक्रवारी मारधाडीचा नवा पिक्चर लागला. मी दाराजवळची दोन तिकिटं काढली. मावशी दारापर्यंत आली, आत बघितलं आणि म्हणाली, "तू बस जा, लेकरा. मी हितंच हाय." आत लोक हसत होते. ती शेवटपर्यंत बाहेर पायरीवर बसली आणि त्यानंतर थेटराकडे फिरकली नाही.