गणपतची पोटरी आणि माझी डॉक्टरी

हा किस्सा मी माझ्या बायकोलासुद्धा लग्नानंतर पंधरा वर्षांनी सांगितला! आता तुम्ही हट्टच धरलाय म्हणून सांगतो. पण हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, माझ्या धोतरावर चहा नको.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं, त्यामुळे डॉक्टरी शिकायची तर नागपूर. वडनेर भोलजीहून त्यासाठी गेलेला पहिला मीच. बाबांनी अख्ख्या भावकीशी भांडून मला धाडलं होतं. "शेती कोण पाहील?" म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं एकच उत्तर, "पाह्यजा तुमी! माहा पोट्टा अख्ख्या तालुक्याले बरं करते."

आणि पहिल्या वर्षी मी शिकलो काय? पाय. तोही डावा. तोही गुडघ्याखालचा! आमच्या डॉक्टरीच्या शाळेत मुडदे थोडे आणि विद्यार्थी फार, म्हणून एकेक भाग वाटून दिलेला. माझ्या वाट्याला डावी पोटरी आली. कित्येक महिने मी तेवढी एक पोटरी सोलत बसलो. पोट, छाती, डोकं हे सगळं मला चित्रातच भेटलेलं.

पण हे बाबांना कोण सांगणार? सुट्टीत आलो, तर नांदुऱ्याच्या स्टेशनापासून घरापर्यंत ते ज्याला त्याला सांगत सुटले, "डाक्तर आला, डाक्तर!"

"बाबा, अजून तीन वर्षं आहेत हो."

"हाव, हाव. लोकायले काय करा लागते त्याचं?"

झालं! त्याच आठवड्यात गावची जत्रा आणि जत्रेत कुस्त्यांची दंगल. शेवटची कुस्ती आमचा गणपत आणि संग्रामपूरचा पहिलवान यांच्यात. लागोपाठ दोन वर्षं तो आम्हाला माती चारून गेलेला, त्यामुळे सगळ्या गावाचा जीव गणपतवर टांगलेला. आणि कुस्तीला तास उरला असताना गणपतच्या पोटरीत पेटका आला! लिंबाखाली आडवा पडून तो गडी बोंबलायला लागला.

"रहीमचाचाले बलावा!" कोणीतरी ओरडलं. रहीमचाचा म्हणजे बैलांना नाल ठोकणारे. जत्रेत पलीकडेच त्यांचं काम चाललं होतं.

बाबा खवळले. "गणपत काय बैल हाये? घरचा डाक्तर असतांनी नालबंद काऊन? माहा पोट्टा आत्ता उभा करते त्याले. नाई केलं तं हे पागोटं मी डोक्यावर ठेवत नाई!"

आता इथे मी गप्प बसायचं की नाही? पण सांगू का, पाय नेमका डावा होता! गुडघ्याखालचा! माझी पोटरी! माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी बाह्या सावरल्या आणि चक्क भाषण ठोकलं.

"मंडळी, पोटरीत वर एक जाड स्नायू असतो, त्याला दोन डोकी. त्याच्याखाली एक चपटा. दोघांची मिळून एक शीर होते, ती टाचेला येऊन चिकटते. पोटरी आवळली की ती शीर टाच वर ओढते आणि पंजा खाली जातो."

"वा!" बाबा म्हणाले. त्यांची मान अशी ताठ झाली की मलाच भीती वाटली.

"आता पोटरी सैल करायची. त्यासाठी पंजा खाली करून बांधायचा." आणि मी एका उपरण्याने गणपतचा पंजा खाली ओढून करकचून बांधला.

गणपतने जो हंबरडा फोडला! पलीकडचे बैल दावी तोडायला निघाले.

"भाऊ, पोटरीचा दगड होऊन राह्यला!"

"दगड नाही, ती सैल होतेय."

"माहा पाय हाये नं? मले समजते!"

"तुला पोटरीची रचना माहीत आहे का? नाही ना? मग गप पड!" असं म्हणून मी आणखी एक गाठ मारली. या मूर्खपणाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

तेवढ्यात हातोडी हातात तशीच घेऊन रहीमचाचा धावत आले. मला त्यांनी कोपराने बाजूला सारलं, उपरणं सोडलं. "घुटना सीधा कर, बेटा," म्हणत त्यांनी गणपतचा पंजा धरून हळूहळू नडगीकडे दाबला. पोटरी ताणली गेली, आणि बघता बघता गोळा उतरला. गणपत डोळे पुसत उठून बसला.

चाचा माझ्याकडे वळले. "भाऊ, आखडलेल्याले तानावं का अजून आखडून ठेवावं? बैलाचा पाय आखडला तं आमी बी तानतो."

"पण चाचा, शाळेत पाय असाच असतो. पंजा खाली आणि पोटरी एकदम मऊ!"

"कोनाचा पाय?"

"टेबलावर... असतो एक माणूस."

"मंग त्या मानसाले इचारलं नाई काय, बापा बरं वाटते का म्हनून?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"चाचा," मी पुटपुटलो, "तो मेलेला असतो."

सगळ्यात आधी गणपत हसला, हरामखोर! मग लिंबाखाली जो हशा उसळला, तो कुस्ती लागेपर्यंत थांबला नाही. बाबांनी मात्र पागोटं उतरवलं आणि रहीमचाचांच्या डोक्यावर ठेवलं. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गणपतने संग्रामपूरवाल्याला चीत केलं. गावाने एका खांद्यावर गणपतला घेतलं, दुसऱ्यावर चाचांना. मी उपरण्याची गाठ सोडत बसलो. सुटतच नव्हती!

घरी परतताना बाबा बोडक्या डोक्याने पुढे आणि मी मागे. अर्धी वाट ते झपझप चालत राहिले. मग थांबले.

"पुरा डाक्तर होईस्तोर या गावात जित्या माणसाले हात लावू नको."

"नाही लावत!" मीही चिडलो होतो. "म्हणजे आता मला कोणी बोलवायचंच नाही का?"

"बलावतो नं," बाबा म्हणाले. "गावात कोनी मेलं, का मी सोता नागपूरले तार करतो."