कुसुम हनुमंते, वादींतर्फे

अ‍ॅडव्होकेट कुसुम हनुमंते यांचं गेल्या महिन्यात, एका मंगळवारी पहाटे, हैदराबादच्या एका खासगी रुग्णालयात निधन झालं. वय साठीच्या पुढे होतं, आजार जुना होता. गौलीगुड्यातल्या पत्र्याच्या गल्लीच्या दाव्यात साक्षी सुरू व्हायच्या होत्या आणि वादींच्या वकील त्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती ‘माजी आमदार प्रल्हाद वाघमारे यांना पत्नीशोक’ अशी. त्या वकील होत्या, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत आलं. दोन ठिकाणी तेही आलं नाही.

जामबागच्या शाळेत कुसुम माझ्या वर्गात होती. वडील नांदेडकडून आलेले, काचीगुड्याला रेल्वेत नोकरीला. घरी मराठी, गल्लीत दखनी, शाळेबाहेरच्या दुकानांत तेलुगू, अशा तीन भाषा तिला न शिकता आल्या आणि चौथी, कोर्टाची, तिनं संध्याकाळच्या लॉ कॉलेजात शिकून घेतली. त्याच कॉलेजात प्रल्हाद होता. त्याला वकिली करायची नव्हती, निवडणूक लढवायची होती, आणि हे तो पहिल्या वर्षापासून सांगत असे. लग्न ठरलं तेव्हा कुसुमनं एकच अट घातली. वकीलपत्रावर नाव वडिलांचं राहील. प्रल्हाद म्हणाला, “माझं नाव लावलंस तर अशील जास्त येतील.” ती म्हणाली, “म्हणूनच.”

बरकतपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचे कार्यकर्ते बसत आणि मागच्या खोलीत, बाजूच्या बोळातून येऊन, तिचे अशील. चहा एकाच स्वयंपाकघरातून दोन्हीकडे जाई. तो आधी नगरसेवक झाला, मग आमदार, तसे तिच्याकडे येणाऱ्यांत निराळे लोक मिसळू लागले. हातात फाइल असे, पण खटला नसे. “मेडम, अण्णांच्या कानावर जरा घालता का?” असं कुणी म्हणालं की ती म्हणे, “अण्णांचे कान पुढच्या खोलीत आहेत. इथं फक्त माझे.” बार रूममध्ये तिला चिडवत, वकिलाच्या घरी आमदार राहतो की आमदाराच्या घरी वकील? तिचं उत्तर ठरलेलं होतं. “घरपट्टी मी भरते.”

तिच्या कामाची एक रीत होती, आणि ती कोर्टात सगळ्यांना ठाऊक होती. दावा इंग्रजीत तयार झाला की ती अशिलाला समोर बसवून त्याच्या भाषेत, ओळीओळीनं वाचून दाखवी. मराठी असेल तर मराठीत, नाही तर तेलुगूत किंवा दखनीत. वाचून झाल्यावर अशिलानं त्यात निदान एक चूक काढली पाहिजे, मगच सही. चूक निघत नाही म्हणणाऱ्याला ती पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकवी. ज्युनियर वैतागत. लावण्या ही तिची शेवटची ज्युनियर. तिनं एकदा विचारलं, “मेडम, खरंच चूक नसेल तर?” कुसुम म्हणाली, “तर तो ऐकत नाहीये. मान डोलवतोय.”

पत्र्याच्या गल्लीत ट्रंका आणि पेट्या बनवणारी कुटुंबं राहत. खाली दुकान, वर माळ्यावर संसार. बाजारात येणारा रस्ता रुंद करायचा ठराव बाजारपेठेच्या सुधार मंडळानं केला आणि त्या मंडळाचे अध्यक्ष त्या वेळी प्रल्हादराव होते. गल्लीतली जुबेदा बी ही पेट्यांची कड्या-कुलुपं बसवणारी बाई. ती चारचौघांना घेऊन कुसुमकडे आली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पाडायचं तर आधी नोटीस द्या, जवळपास जागा द्या. कुसुमनं कागद मागवले आणि दाव्याचा मसुदा सुरू केला. तातडीची मनाई मागावी का, हा प्रश्न होता.

तो तिनं घरी सोडवला. नाश्त्याच्या वेळी तिनं नवऱ्याला विचारलं, “अहो, नोटीस दिल्याशिवाय पाडणार नाही ना?” ते म्हणाले, “सणाच्या तोंडावर कोण हात लावतंय? तू निवांत लिही.” हे संभाषण मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आहे आणि दोन्हींत फरक नाही. कुसुमनं तातडीचा अर्ज केला नाही. अशिलांना सांगितलं, सण होऊ द्या. त्याच आठवड्यात सकाळी यंत्रं आली आणि दुपारपर्यंत गल्ली उरली नाही.

कुसुम तिथे पोचली तेव्हा जुबेदा बी दबलेल्या पत्र्यांतून भांडी काढत होती. बातमीसाठी मी तिथेच होतो. मान वर न करता तिनं विचारलं, “तुमारे घर में पूछे थे ना अम्मा?”

“हौ. पूछी थी.”

“फिर?”

“घर में पूछी थी… कोर्ट में पूछना था.”

त्यानंतर तिनं लावलेला दावा त्याच ठिकाणी जागा आणि नुकसानभरपाई यासाठी होता. दाखल करण्याआधी तिनं सगळ्या वादींना बोलावलं, चूक आपली झाली हे सांगितलं आणि दुसरा वकील करा म्हणाली. नावंही सुचवली. जुबेदा बीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नक्को. तुम डुबाए, तुमीच निकालो.” पहिल्या तारखेला, समोरच्या वकिलानं तोंड उघडण्याआधी, कुसुमनं उभं राहून न्यायाधीशांना सांगितलं की प्रतिवादी मंडळाचे अध्यक्ष आपले पती आहेत, वादींना हे माहीत आहे, आणि त्यांची संमती लेखी जोडली आहे. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी नोंद करून घेतली.

त्या दिवसापासून बरकतपुऱ्याच्या घरात गल्लीचा विषय बंद झाला. जेवण एकत्र होई. भाजी, मुलीचा फोन, पाण्याचा टँकर यांवर बोलणं होई. प्रल्हादरावांवर पक्षातून दबाव होता, की बायकोला दावा सोडायला सांगा. त्यांनी तो निरोप तिच्यापर्यंत एकदाच पोचवला. तेव्हा मी मागच्या खोलीत होतो. दारात उभे राहून ते म्हणाले, “वकीलसाहेब, माझं तिकीट जाईल.” कुसुमनं कागदावरून नजर काढली नाही. “मग वर अपील करा.” ते हसले, आणि गेले. तिकीट खरंच गेलं. मंडळाचं अध्यक्षपदही नंतर गेलं. त्यावरून घरात भांडण झाल्याचं दोघांपैकी कुणीही कधी सांगितलं नाही.

दावा अडकला होता एका मुद्द्यावर. मंडळाचं म्हणणं, नोटीस प्रत्येक दारावर चिकटवली होती. वादींचं म्हणणं, चिकटवली नव्हती. दारंच राहिली नव्हती, तेव्हा दाखवायचं काय? आतली गोष्ट सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो वकिलाच्या घरात राहत होता. लावण्यानं हे बोलून दाखवलं. “मेडम, सरांना समन्स काढू या.” कुसुम नाही म्हणाली. नवरा-बायकोतलं बोलणं कोर्टात आणायला कायद्याची आडकाठी आहे, हे लावण्यालाही माहीत होतं. पण अध्यक्ष म्हणून त्यांना जे ठाऊक आहे ते विचारायला आडकाठी नव्हती. तरी कुसुमचं उत्तर बदललं नाही. “एकदा त्यांच्या शब्दावर विसंबले, त्यात लोकांची घरं गेली. आता आपण त्यांच्यावाचून सिद्ध करायचं. त्यांना यायचंच असेल तर कोर्टाचा रस्ता त्यांना माझ्याइतकाच माहीत आहे.” मग ती कामाला लागली. यंत्राचे चालक, शेजारचे दुकानदार, त्या सकाळी फोटो काढणारे, असा एकेक साक्षीदार तिनं शोधला. केमोथेरपी सुरू झाल्यावर तारखांची अडचण येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांना तिनं सांगितलं की सलाईन दुपारी लावा, सकाळी कोर्ट असतं.

आमची शेवटची भेट मागच्याच खोलीत झाली. जुबेदा बीच्या साक्षीचा मसुदा ती वाचून दाखवत होती. आवाज बसला होता, मध्ये मध्ये थांबावं लागत होतं… पण वाचायला लावण्याला दिलं नाही. मसुदा संपला. कुसुम म्हणाली, “गलती निकालो.”

“नै निकली तो?”

“तो फिर से सुनो.”

“तुमारी तबीयत देखो पैले,” जुबेदा बी म्हणाली. मग थोड्या वेळानं, “वो दुकान लिखे ना तुम. दुकान नै, घर बोलो. ऊपर सोते थे हम.”

कुसुमनं पेन घेतलं, ओळ दुरुस्त केली आणि मग सही घेतली. त्यानंतर ती कोर्टात जाऊ शकली नाही.

अंत्यविधी साधेपणानं झाला, बुद्धवंदना झाली. पक्षाचे लोक आले आणि गल्लीतलेही आले. वकीलपत्र लावण्याच्या नावे झालं. तिनं कुसुमनं ठरवलेल्या क्रमानंच साक्षीदार तपासायला घेतले, पहिली जुबेदा बी. त्या दिवशी कोर्ट उठल्यावर प्रल्हादरावांनी लावण्याला फोन केला आणि साक्षीदारांच्या यादीत आपलं नाव घालायला सांगितलं. तिनं तसा अर्ज केला. मंडळाच्या वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला.

गेल्या आठवड्यात प्रल्हाद वाघमारे यांची सरतपासणी झाली. नोटीस अध्यक्षाच्या सहीनं निघते, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्यांनी सही केली होती का, असं लावण्यानं विचारलं.

“नाही.”

“यंत्रं येणार हे आपल्याला कधी कळलं?”

“आदल्या संध्याकाळी. मला फोन आला होता.”

“आपण काय केलंत?”

“काही नाही. थांबवलं नाही.”

त्या संध्याकाळी घरी काय बोलणं झालं, हे लावण्यानं विचारलं नाही. मंडळाच्या वकिलानं वेळ मागून घेतला. उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे.