न वाळणारा पंचा

माझी तक्रार एका पंच्याविरुद्ध आहे. पेणच्या लॉजवर संध्याकाळी धुतला, रात्रभर पंख्याखाली ठेवला, सकाळी जसाच्या तसा ओला. पुण्यात असा बेजबाबदारपणा मी खपवून घेतला नसता. मेअखेरीला तिकडे जाणाऱ्यांनी दोन पंचे न्यावेत.

जायचं होतं रोह्याला, थोरल्या भावाकडे. वहिनींसाठी पोह्याचे पापड घ्यावेत म्हणून बाजारामागे पापडवाल्या लताबाईंच्या अंगणात शिरलो. डोक्यावर रणरणतं ऊन आणि पापड लाटणाऱ्या चार बायका हात बांधून बसलेल्या. दोरीवर एक ओलं फडकं.

"आज सुट्टी वाटतं?"

"फडक्याला इचारा," लताबाई म्हणाल्या. "चहा होईस्तोवर वाळलं नाय, तर पीठ भिजवायचं नाय. ऊन हाय भाऊ, पन हवेला ओढ नाय."

सूर्य पाणी शोषून घेतो, हे पाठशाळेत घोकलं होतं. हवाच वाफेने गच्च भरली असेल तर तो तरी काय करणार, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

"तुमचा सदरा बघा," त्या हसल्या. "तुमी पन नाय वाळत."

डब्यातले जुने पापड घेऊन एसटी धरली. गडब, नागोठणे, मग रोहा. दीड तास धरून चला. नागोठण्याच्या स्टँडवर ताक प्या, वीस रुपयांत जीव परत येतो.

पोचलो तेव्हा दादा छपरावर कौलं परतत होता. वय एकाहत्तर. गडी मिळाला नाही आणि पाऊस तोंडावर आलेला.

"भावजी, सकाळपासून वर आहेत," वहिनी म्हणाल्या. "माझं ऐकत नाहीत."

मी पंचा दोरीवर टाकला. तासाभराने पिळला, तर पाणी निघालं.

"दादा, खाली ये."

"अर्धंच छप्पर राहिलंय, शास्त्रीबुवा. तुम्ही खालून मंत्र म्हणा."

सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. मग तो म्हणाला, "एक कौल दे रे." कौल त्याच्या हातातच होतं.

मी शिडी चढलो. एकेक पाय माझ्या हाताने पायरीवर ठेवत त्याला उतरवलं. मधेच त्याने विचारलं, "आपण कुठे चाललोय?" वहिनींनी माठ त्याच्या अंगावर रिकामा केला. शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं.

"घाम येत होता, पण उडत नव्हता," सलाईन लावता लावता डॉक्टर म्हणाले. "मग अंग निवणार कसं? अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

दोन दिवसांनी दादा घरी आला. मी लताबाईंचा नियम त्याच्यावर लादला: सकाळी ओलं फडकं टाकायचं, चहा होईपर्यंत वाळलं तरच शिडीला हात लावायचा. त्याने मान डोलावली. इतक्या सहज तो कधीच डोलावत नाही.

पुण्यात पंचा तासात खडखडीत वाळला. मी रोज फोन करतो.

"फडकं?"

"वाळलं."

तिकडची हवा अजून तशीच गच्च, तरी कालही वाळलं म्हणाला. मागे कौलावर कौल ठेवल्याचा आवाज येत होता.

पंच्याचं सोडा. अर्धं छप्पर उघडं आहे आणि दादा माझ्याशी खोटं बोलतो आहे. मला त्याच्या जिवाची भीती वाटते.