जळका वास

परदेशात सात वर्षं शेवाळावर संशोधन करून ती मायदेशी परतली आणि विद्यापीठात शिकवायला लागली. पहिल्याच बैठकीत तिनं सांगितलं, की एकाच हॉलमध्ये एकाच वेळी दोन परीक्षा लावल्या आहेत. विभागप्रमुख गोड हसले आणि वेळापत्रक तिच्या गळ्यात पडलं. मग तिनं ग्रंथालयाची भिंत ओलावल्याचं सांगितलं. झालं, इमारत समिती! इथला रिवाजच तो होता. ज्याला दिसलं, त्यानं निस्तरावं. बाकीचे शहाणे लोक मान खाली घालून चहा पीत.

आई म्हणाली, “अगं, डोळे उघडे ठेव, पण तोंड मिटून घे.” ते तिनं मनावर घेतलं. आता विभागप्रमुखांचा फोन आला, की ती तो बराच वेळ वाजू देई आणि मगच उचले. सोबत आणलेले शेवाळाचे नमुने डीप फ्रीजरमध्ये तसेच पडून होते. ते पुन्हा कुठे मिळण्यासारखे नव्हते. परीक्षा संपल्या, की सुट्टीत ते काढायचे, एवढ्या एका आशेवर ती दिवस ढकलत होती.

एका सोमवारी सकाळी ती प्रयोगशाळेत डोकावली, तर जळका वास आला. फ्रीजरच्या प्लगला हात लावला, तर चटका बसला. तिनं फोन काढला आणि तशीच थबकली. सांगितलं, की वीज दुरुस्ती समिती आलीच अंगावर. मग तीन दुकानांची दरपत्रकं, अर्ज, सह्या. सुट्टी गेलीच म्हणायची. संध्याकाळपर्यंत कुणीतरी बघेलच, अशी तिनं मनाची समजूत घातली, दार लोटलं आणि ती परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेली. दिवसभर हॉलमध्ये येरझारा घालताना तिला तो वास येतच राहिला. तरी तिनं ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं होतं. आतल्या नळ्यांमध्ये हिरवट, आंबूस पाणी उरलं होतं. सात वर्षांवर पाणी फिरलं होतं. प्रमुखांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, की हे आधी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही. सगळे जमिनीकडे बघत राहिले. तीही.

बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरचे वयस्क प्राध्यापक तिच्याजवळ आले. भला माणूस, तिला रोज आपल्या डब्यातलं द्यायचा.

“मला शुक्रवारीच वास आला होता,” ते हळूच म्हणाले. “पण म्हटलं, नमुने तुझे आहेत, तूच सांगशील. राग मानू नकोस हं.”

तिला राग यायला हवा होता. पण त्यांचं म्हणणं तिला लगेच पटलं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.