नववी गाठ

माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या, त्यांतल्या निम्म्या खाण्यापायी झाल्या आणि उरलेल्या लिहिण्यापायी. बुऱ्हाणपुरात एका रविवारी दोन्ही एकदमच झाल्या, आणि त्यापायी एका सरळ माणसावर मुलीच्या लग्नाच्या तोंडावर तुरुंगात जायची वेळ आली. आज मी हे हसत सांगतो. त्या आठवड्यात मात्र त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

दिवस प्रांतरचनेचे होते. नागपूर तिकडे गेलं, राजधानी भोपाळला गेली, आणि आम्ही तापीकाठचे मराठी बोलणारे नव्या मध्यप्रदेशात राहिलो. मी तहसील कचेरीत कारकून होतो. त्याच सुमारास पोलीस चौकीत नवे मुन्शी आले, ते पार रीव्याकडचे. शहरात होणाऱ्या सभांचा अहवाल लिहून वर पाठवायचा हे त्यांचं काम, आणि मराठीचा त्यांना गंधही नाही. तहसीलदारांनी मला बोलावलं आणि सांगितलं, सभेत मुन्शीजींच्या शेजारी बसायचं, वक्ता बोलेल ते हिंदीत सांगत जायचं आणि शेवटी कागदावर ‘भाषांतर बरोबर आहे’ म्हणून सही करायची.

मी फुशारलो. सरकारला माझ्या दोन्ही भाषा लागतात, हे मी त्या संध्याकाळी घरी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, “एका भाषेत सांगितलं असतं तरी कळलं असतं.”

आमच्याकडच्या सभांची एक रीत होती, ती इथेच सांगून टाकतो. बुऱ्हाणपुरातल्याच लालबागेत राहणारे दादा हे गिरणी कामगारांचे पुढारी, लाल झेंड्याचे. शेजारच्या बहादरपूरचे भाऊसाहेब केळीचे मोठे बागायतदार, राज्यकर्त्या पक्षाचे. दादा ज्या रविवारी भाऊसाहेबांवर बोलणार, त्याच्या आदल्या दिवशी बहादरपूरला निरोप जायचा: उद्या तुमच्यावर बोलणार आहे, या. मग व्यासपीठासमोर पहिल्या रांगेच्याही पुढे एक खुर्ची मांडायची, शेजारी पानाचं तबक ठेवायचं. भाऊसाहेब येत, खुर्चीत बसत आणि दोन तास स्वतःवरची टीका ऐकत. पुढच्या रविवारी बहादरपूरला तीच खुर्ची दादांसाठी. पाठीमागे बोलायचं नाही, एवढाच त्यातला नियम. तो कुणी केला होता, कुणालाच माहीत नव्हतं.

भाऊसाहेबांना लक्षात काही राहत नसे. म्हणून दादांचा एकेक मुद्दा आला की ते उपरण्याच्या टोकाला एकेक गाठ मारत. पुढच्या रविवारी बोलताना एकेक उत्तर द्यायचं आणि एकेक गाठ सोडायची. गाठी संपल्या की सभा संपली. लोक भाषणापेक्षा त्या उपरण्याकडेच बघत बसायचे.

तर तो रविवार. गिरणीला सुट्टी, दुपारचे चार वाजलेले. दादांना हिंदी झकास येई, पण व्यासपीठावर चढले की मराठीच. मी मुन्शीजींच्या कानाशी लागून हिंदी ओतत होतो आणि मुन्शीजी जमेल तेवढं कागदावर उतरवत होते.

“भाऊसाहेबांचा समाजवाद केळीच्या पानासारखा आहे,” दादा म्हणाले. “दिसायला लांबरुंद. वारा आला की फाटतो.”

लोक हसले. भाऊसाहेबही हसले आणि गाठ मारली.

आठ मुद्दे झाले. तोवर दीड तास उलटला होता, आणि मैदानाच्या कडेला हलवाई माव्याच्या जिलब्या तळत होता. वास असा सरळ माझ्याकडे यायचा, की मी मुन्शीजींना म्हणालो, “ज़रा पानी पीकर आता हूँ.” त्यांनी मान हलवली. मी गेलो. एक जिलबी खाल्ली. ती गरम होती म्हणून दुसरी खाल्ली. दुसरीचा पाक अंगरख्यावर सांडला, तो धुण्यात वेळ गेला. परत आलो तेव्हा दादा हात जोडून आभार मानत होते.

मुन्शीजींच्या कागदावर हाताएवढी कोरी जागा होती. त्यांनी लेखणी त्या जागेवर टेकवली आणि विचारलं, “यहाँ क्या बोले?”

मला माहीत नाही, एवढे तीन शब्द मी म्हणू शकलो असतो. शेजारी बसलेल्या कुणालाही विचारू शकलो असतो. पण मी त्या वयात कविता करत असे, आणि त्या कुठेही छापून येत नसत. माझ्या तोंडून आपसूक गेलं: जब तक केले के गोदाम नहीं सुलगेंगे, तब तक मज़दूर का चूल्हा नहीं सुलगेगा.

“वाह,” मुन्शीजी म्हणाले आणि ते टिपून घेतलं. त्यांनी वाह म्हटलं म्हणून मला आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. मी खाली सही केली.

बुधवारी बहादरपूरला आग लागली. भाऊसाहेबांच्या वखारीमागे केळीच्या वाळक्या पाल्याचा ढीग होता, तो पेटला. वखारीची एक भिंत काळी झाली, बाकी काही नाही. पण अहवाल वर पोचला होता, आगीची खबरही पोचली, आणि वरून हुकूम आला की सदर वक्त्याची चौकशी व्हावी. गुरुवारी कचेरीत तहसीलदारांनी मला ते सहज सांगितलं. “तुमचं काम चोख झालं,” म्हणाले.

दादांच्या मुलीचं लग्न येत्या सोमवारी होतं. मुलगा रावेरचा.

मी घरी न जाता थेट दादांकडे गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. दारात वहिनी भेटल्या. “बरं झालं आलात, तुमचं अक्षर चांगलं,” म्हणून त्यांनी ओट्यावरच माझ्यापुढे लग्नपत्रिकांचा गठ्ठा ठेवला. उशिरा आठवलेल्या पाहुण्यांचे पत्ते राहिले होते. अंगणात बायका पापड उन्हातून उचलत होत्या. दादा खाटेवर बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी पत्ते लिहीत राहिलो. दर पाकिटाला वाटे, हे झालं की सांगू.

तेवढ्यात मुलाचे मामा रावेरहून आले. पाणी घेतलं आणि चप्पल न काढता ओट्यावरच बसले.

“गाडीत कानावर आलं, दादा,” ते म्हणाले. “पोलीसबिलीस काही भानगड आहे?”

“आहे,” दादा म्हणाले. “शनिवारी बोलावलंय.”

“आमच्या ताई घाबरून राहिल्या आहेत. सोमवारी मांडवात तुम्ही असाल ना? म्हणजे तसं काही असेल तर तारीख पुढे...”

“मी मांडवात असेन,” दादा म्हणाले.

पुढे ढकललेली तारीख म्हणजे काय असतं, ते ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं. वहिनी आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मुलगी दाराआड होती, तिच्या बांगड्या आधी वाजत होत्या, मग वाजेनाशा झाल्या. माझ्या हातातल्या पाकिटावर शाईचा डाग पडला. दादा म्हणाले, “अरे बाबू, लक्ष कुठे आहे तुझं? जेवला नाहीस का?”

मी म्हणालो, जेवलो नाही. आणि जेवून आलो. हो, त्यांच्याच घरी.

दोन रात्री मी हिशेब मांडत होतो. खरं सांगितलं तर नोकरी जाणार. नाही सांगितलं तर दादा जाणार. कदाचित कुणीच जाणार नाही, अशीही एक वाट मी शोधून काढली होती आणि सारखा तिच्यावरच चालून बघत होतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “जिलब्या दोन होत्या ना? मला एकच सांगितली होतीत.”

शनिवारी अकरा वाजता चौकीत सगळे जमले. ठाणेदार टेबलामागे, मुन्शीजी बाजूला अहवाल घेऊन, सही माझी म्हणून मीही. दादा बाकावर. ज्यांची वखार जळता जळता वाचली ते भाऊसाहेब खुर्चीत, खांद्यावर उपरणं.

ठाणेदार माणूस वाईट नव्हता. त्याने दादांपुढे एक कागद सरकवला. “घर में शादी है, मैं जानता हूँ. इतना लिख दीजिए कि चुनाव तक सभा में नहीं बोलेंगे. बात यहीं ख़त्म.”

मी मनातल्या मनात हात जोडले. करा सही, दादा. सही करा म्हणजे तुम्ही सुटाल, मी सुटेन, मांडव उभा राहील. लाज वाटते, पण त्या क्षणी दादांच्या गप्प बसण्यावर माझं सगळं सुख उभं होतं.

दादांनी कागद वाचला, नीट घडी करून परत दिला. “ये नहीं होगा, साहब,” ते म्हणाले. “आज मी गप्प बसलो तर उद्या ह्या भाऊसाहेबांना कोण शिव्या घालणार? बाहेरचा माणूस आणावा लागेल.” ते मराठी ठाणेदाराला कळलं नाही. भाऊसाहेबांना कळलं, ते मिशीत हसले.

मग ठाणेदाराने अहवालातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं. दादांनी दोनदा वाचायला लावलं.

“हे माझं नाही,” ते हिंदीत म्हणाले. “मला इतकं सजवून बोलता येत नाही.”

“रिपोर्ट पर दस्तख़त है,” ठाणेदार म्हणाला.

तेव्हा भाऊसाहेबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि टेबलावर पसरलं. टोकाला गाठी तशाच होत्या. बहादरपूरची सभा दुसऱ्या दिवशी व्हायची होती, म्हणून एकही सुटली नव्हती. मुन्शीजींना त्यांनी वाचत जायला सांगितलं. केळीच्या पानाचा समाजवाद, एक गाठ. सावकारीचा कायदा, दुसरी. एकेका गाठीवर बोट ठेवत ते आठवीपर्यंत आले. सगळं जुळत होतं.

“आणि ही नववी,” ते म्हणाले, ठाणेदाराला कळावं म्हणून हिंदीतच. “ही गटाराची. लालबागेतलं गटार दोन वर्षं उघडं आहे आणि नगरपालिकेत माणसं माझी आहेत, यावर हे पाव तास बोलले. मला राग आला म्हणून गाठ घट्ट बसलीये, बघा. माझी वखार जाळा म्हटलं असतं, तर मी गटाराला गाठ मारून घरी गेलो असतो का? पाल्याला माझ्याच गड्याची बिडी लागली. मी त्याला विचारून आलोय.”

“गटार?” मुन्शीजींनी कागद उलटापालटा केला. “रिपोर्ट में तो गटार है ही नहीं.”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ठाणेदाराने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. दादांनी सगळ्यांत शेवटी बघितलं.

धैर्य वगैरे काही नव्हतं. पळायला जागा उरली नव्हती, म्हणून मी बोललो. जिलबीपासून सुरुवात केली. दुसऱ्या जिलबीवर ठाणेदाराने लेखणी खाली ठेवली. वाक्य माझं आहे, असं मी म्हणालो तेव्हा आवाज इतका बारीक निघाला, की मुन्शीजींनी विचारलं, “किसका?”

“मेरा.”

कुणी ओरडलं नाही. ठाणेदाराने माझ्याकडून तेच लिहून घेतलं, दोन प्रतींत, आणि दादांना जायला सांगितलं. बाहेर पडताना दादा माझ्यापाशी थांबले. मला वाटलं होतं, तुरुंगावरून बोलतील, लग्नावरून बोलतील.

“भाऊसाहेब मला तीस वर्षं शिव्या घालतायत,” ते म्हणाले. “पण माझ्या तोंडात त्यांनी कधी एक शब्द कोंबला नाही. तू पत्रिका लिहीत बसलास रे माझ्या ओट्यावर.”



रविवारी बहादरपूरला भाऊसाहेबांची सभा झाली. मी गेलो नाही. ऐकलं ते असं, की दादा समोरच्या खुर्चीत बसले होते, आठ उत्तरं झाली, आठ गाठी सुटल्या, आणि नवव्या गाठीशी भाऊसाहेब बराच वेळ खटपट करत राहिले. शेवटी म्हणाले, “ही सुटत नाही. गटाराचं दादांचं खरं आहे.” आणि उपरणं तसंच खांद्यावर टाकलं. गटार त्यानंतरही वर्षभर उघडंच होतं, हे सांगायला हवं.

तहसीलदारांनी मला लेखी समज दिली आणि जुन्या दप्तरांच्या खोलीत टाकलं. तिथे बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न उरला नाही. मुन्शीजी मात्र सहा महिन्यांत मराठी शिकले. कुणावर विसंबायचं नाही म्हणून शिकलो, असं ते सगळ्यांना सांगत. माझ्यादेखत जरा जास्तच.

आणि सोमवारी लग्न झालं. मला आमंत्रण होतं, कारण माझ्या नावाचं पाकीटही मीच लिहिलेलं होतं. मी मांडवाच्या अगदी कडेला उभा राहिलो. दादांनी कन्यादान केलं. रावेरचे मामा सारखे दाराकडे बघत होते, खाकी काही दिसतं का म्हणून. मीही बघत होतो. भाऊसाहेब आले तेव्हा कुठे मामा टेकून बसले.

पंगत बसली तेव्हा मी सटकणार होतो. दादांनी हाताला धरून मला पहिल्या रांगेत बसवलं, बरोबर मध्ये, आणि स्वतः वाढायला आले. माव्याची जिलबी होती. पानात एक टाकली, मग दुसरी टाकली.

“खा,” ते म्हणाले. “पण सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही.”

मी उठलो नाही. दुसरी जिलबी मात्र पानात तशीच राहिली.