एकतर्फी कॅसेट

नव्वदच्या दशकात बारामतीच्या कॉलेजातून मी धरणग्रस्तांवरच्या माहितीपटाची कॅसेट बावड्याला घरी आणली. भरदुपारी खिडकीला वाकळ लावून ती वडिलांसोबत पाहिली. नुसती बुडालेली गावं आणि उठवलेली माणसं! त्याच पाण्यावर पिकणारं आमच्यासारखं एकही शेत नाही. मी भडकलो.

"तात्या, हे एकतर्फी हाय. आपली बाजू कुठं हाय ह्यात?"

"आपली बाजू पाटानं येती की शेतात."

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी आमची होती. शेतात पाणी वळवायला दारं धरायच्या आधी तात्यांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा पाटाच्या कडेला चपला काढल्या आणि पाण्याकडं बघत उभे राहिले.

आता टीव्हीवर दोन्ही बाजू एकदमच ओरडतात. मला ती कॅसेट हवीशी वाटते. पाटावर गेलो की मीही चपला काढतो. शेजारी तात्यांच्या नसतात.