पडद्यावरचा पत्ता

"बुद्धविहार, नेसरी!" सरांनी पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. "बघा साहेब, आता विहारातनंबी सॉफ्टवेअर याय लागलंय."

साखर कारखान्याची मीटिंगची खोली. आमच्या प्रोग्रामचा डेमो. भिंतभर पडदा. पुढं संचालकसाहेब, शेतकी अधिकारी, वजनकाट्यावरचे दोघं. पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ. फाईल सापडली नाही. आणि पुढं त्या फाईलीचा अख्खा पत्ता : सी ड्राइव्ह, युजर्स, बुद्धविहार-नेसरी, डेस्कटॉप.

साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तरीच म्हटलं, बंद कसं पडलं."

"कोट्यातलं हाय साहेब. सांभाळून घ्या," सर म्हणाले.

आमची, म्हणजे सरांची, कंपनी खाजगी. कोल्हापुरात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर सात माणसांची. तिथं कसला आलाय कोटा? हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळे हसले.

मीही हसलो.

सवयच ती माझी. दुसऱ्यानं टपली मारायच्या आत आपणच आपल्या डोक्यात मारून घ्यायची. समोरच्याचे कष्ट वाचतात, आणि आपल्याला लागलं नाही असं दाखवता येतं. नोकरीला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसचा प्रिंटर बिघडला म्हणून मिस्त्री बोलावला होता. मिस्त्रीनं प्लग लावला आणि गेला. ही गोष्ट मीच रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. वाटायचं, हसतायत म्हणजे आपल्याला आत घेतलंय.

आता चूक सांगतो. ती शंभर टक्के माझी होती.

ऊस वजनाचा प्रोग्राम मी लिहिला. त्यातले सगळे मराठी शब्द, ट्रॅक्टर, खेप, भरलेलं वजन, रिकामं वजन, एका वेगळ्या फाईलीत ठेवले. प्रोग्राम दुसरीकडं न्यायचा तर सगळं एका गाठोड्यात बांधतात. शब्दांची फाईलही त्यातच बांधायची, आणि प्रोग्रामला सांगायचं, बाबा, तुझ्याच गाठोड्यात बघ. मी काय केलं? गाठोडं बांधलं, आणि आत लिहून ठेवलं, फाईल माझ्या लॅपटॉपवर अमुक ठिकाणी आहे, तिथनं घे. म्हणजे भाकरी घरच्या बुट्टीत, आणि शिदोरीत घरच्या पत्त्याची चिठ्ठी. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चालायचं. घरीच बसून जेवणाऱ्याला भाकरी मिळणारच की. कारखान्याच्या कॉम्प्युटरवर तो बिचारा माझं घर शोधत राहिला.

आणि सापडलं नाही म्हणून पत्ता चारचौघांत वाचून दाखवला.

लॅपटॉप माझा नव्हता. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेचा. कुणीतरी वापरून दिलेला. विहाराची किल्ली सांभाळणाऱ्या आक्कांनी एका बोटानं अक्षरं शोधत त्यावर ते नाव घातलं होतं. "कुणा एकाचा न्हाय ह्यो. सगळ्यांचा. मग नाव विहाराचं." मला नोकरी लागली तेव्हा त्यांनीच तो माझ्या हातात दिला. "पक्का झालास की आणून दे. मागनं पोरी हायत."

नोकरी पक्की झाल्याचं पत्र त्या दिवशी सरांच्या बॅगेत होतं. येताना गाडीत त्यांनीच सांगितलं होतं. डेमो झाला की देतो. मी मागच्या सीटवर मांडीवर पावत्या छापायचा प्रिंटर घेऊन बसलो होतो. प्रिंटरलाच मिठी मारली मी.

साहेब जेवायला उठले. "आमचं जेवण होईस्तोवर दुरुस्त झालं तर बघू. न्हायतर दुसरी पार्टी बाहेर बसलीयाच."

सर मला वजनकाट्याच्या खोलीत घेऊन गेले. दार लोटलं.

"हे बघ. फाईल आत घाल. आणि साहेब आले की तू आपण होऊन सांगायचंस, लॅपटॉप जुन्या बाजारातला हाय, त्या नावाशी माझा काय संबंध न्हाय. काय?"

"सर, पण..."

"पत्र पायजे का नको?"

मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मला आजही सांगता येत नाही.

बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. आत मी आणि लॅपटॉप. फाईल गाठोड्यात घातली. प्रोग्रामला सांगितलं, आतच बघ. चालवलं. परत सापडेना! नावातलं एक इंग्रजी अक्षर मी कॅपिटल लिहिलं होतं, फाईलीवर होतं स्मॉल. लॅपटॉप असलं चालवून घेतो, गाठोडं घेत नाही. ते शोधण्यात साहेबांचं अर्धं जेवण झालं. सापडलं तेव्हा स्वतःच्या चुकीवर हसू आलं नाही. पहिल्यांदाच.

कारण तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात ते वाक्य घोकत होतो. माझा काय संबंध न्हाय. एकदा, दोनदा, दहादा. प्रत्येक वेळी एका बोटानं अक्षरं शोधणाऱ्या आक्का पुढं यायच्या. मी त्यांना बाजूला सारायचो. त्या परत यायच्या.

साहेब ढेकर देत आले. मी कारखान्याच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर मराठी शब्द ओळीनं उमटले. ट्रॅक्टर. खेप. भरलेलं वजन. काट्यावरच्या माणसानं एक खेप मोजून बघितली. पावती छापली गेली. बरोबर.

"व्हय, आता चालतंय की," साहेब म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "आणि कुठं गेला रं तुझा विहार?"

परत हसू. सरांनी मला कोपरानं ढोसलं. "सांग की. जुन्या बाजारातला लॅपटॉप."

सगळे माझ्याकडं बघत होते. मीच मला टपली मारणार, याची वाट बघत. ओठांवर ते जुनं हसू यायलाही लागलं होतं. मी ते गिळलं.

"साहेब, चूक माझी होती," मी म्हणालो. "पत्ता खरा होता. मी तिथलाच हाय. लॅपटॉप विहाराचा हाय, आणि ह्यो प्रोग्राम त्याच्यावरच लिहिलाय."

कुणी हसलं नाही. साहेबांनी पावतीची घडी केली. सरांनी बॅगेची चेन ओढून बंद केली. तो आवाज अजून कानात आहे.

गाडीपाशी सर म्हणाले, "प्रिंटर ठेव मागं. तू एस.टी.नं जा. आणि सोमवारी यायचं कारण न्हाय."

प्रोग्राम तिथं चालू आहे, असं ऐकतो. मी चालू नाही. चार ठिकाणी मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी विचारतात, आधीची नोकरी का सुटली? जमलं नाही, असं म्हटलं तर खुर्ची मिळेलही. घरात आई रोज दाराकडं बघते. लॅपटॉप अजून माझ्याकडं आहे, आणि पोरी खोळंबल्या आहेत. विहाराच्या वाटेनं जायचं मी टाळतो.

तरी विचारलं की मी सगळं सांगतो. चुकीपासून. प्रिंटरच्या प्लगासकट. माझ्या चुकांवर हसा, मीच हसवीन. पण माझ्या पत्त्यावर कुणी हसलं, तर त्यात माझं हसू मिसळणार नाही. पाचवी मुलाखत गुरुवारी आहे. तिथंही हेच सांगणार.